प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला ऑनलाइन सराव-साधनं कशी वापरावीत

पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला बऱ्याच कॉलेजांत काय चालतं हे आपल्याला ठाऊक आहे. वीसेक मुलांची बॅच, दोन तास, पीडीएफमध्ये दिलेला प्रोग्राम. मुलांनी तो टाइप करायचा, आउटपुट आलं की जर्नलात उतरवायचा, मग सही. सत्राअखेर जर्नल भरलेलं असतं, टर्मवर्कचे गुण पडलेले असतात, आणि व्हायवात ‘रेंज एक ते दहा लिहिलं तर शेवटचा आकडा कुठला छापला जाईल?’ असं विचारलं की एकामागून एक मुलं ‘दहा’ म्हणतात. पायथॉनमध्ये बरोबर उत्तर नऊ असतं.

मुलं ढ नसतात. व्याख्यान ऐकणं आणि अख्खा प्रोग्राम लिहिणं यांच्या मधली पायरी त्यांना कुणी दिलेलीच नसते. ती पायरी म्हणजे चार-पाच ओळींचा प्रश्न, उत्तर चुकलं तर तिथल्या तिथे कळणं आणि लगेच पुन्हा करून बघणं. वीस जणांच्या पाठीशी उभं राहून एका शिक्षकाला हे जमण्यासारखं नाही. ब्राउझरमध्ये चालणारी सराव-साधनं नेमकं हेच काम करतात आणि त्यातली चांगली साधनं फुकट आहेत. मात्र चूक झाली एवढंच साधन सांगतं. ती का झाली हे वाचायचं काम शिक्षकाचंच राहतं, आणि त्या वाचनावरून पुढचा तास बदलणार नसेल तर जर्नलऐवजी हिरव्या टिकांची नवी जर्नलं तयार होतात. या लेखातली सगळी मांडणी हे गृहीत धरून केली आहे.

उदाहरणं पायथॉनची आहेत. पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या पॅटर्नपासून (अभ्यासक्रमापासून) इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पायथॉन आलं, इतरत्रही ते आता रुळलं आहे. सी किंवा जावा शिकवणाऱ्यांना थोड्या फेरफाराने यातलं जवळपास सगळं वापरता येईल.

आधी चूक निवडा, साधन नंतर

बहुतेकांची सुरुवात उलटी होते. एखादी साइट आवडते, तिच्यावरचे प्रश्न मुलांना दिले जातात, आणि महिन्याभरात साइट एकीकडे, अभ्यासक्रम दुसरीकडे अशी गत होते. त्यापेक्षा एक कोरं पान घ्या आणि मागच्या बॅचच्या व्हायवातून, उत्तरपत्रिकांतून आठवतील त्या चुका लिहून काढा. पायथॉनच्या पहिल्या सत्रात त्या साधारण याच निघतात:

- इनपुटमधून आलेला आकडा स्ट्रिंग असतो हे विसरणं, म्हणजे ५ अधिक ५ बरोबर ५५.
- रेंजमधला शेवटचा आकडा धरला जात नाही हे न उमगणं.
- प्रिंट केलं म्हणजे फंक्शनने उत्तर दिलं असं वाटणं.
- एलिफच्या (‘नाहीतर, जर’) जागी पुन्हा इफ (‘जर’) लिहिणं, किंवा अटींचा क्रम चुकणं.
- एक लिस्ट दुसऱ्या नावात घातली की तिची प्रत झाली असं समजणं.
- इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) हलल्यामुळे लूपच्या आतली ओळ बाहेर जाणं.

एका प्रॅक्टिकलला यातली एकच चूक घ्या. तिच्याभोवती तीन-चार प्रश्न रचा. पहिला अंदाज बांधायचा, दुसरा ओळी जुळवायचा, तिसरा छोटं फंक्शन लिहायचा. अख्खा प्रोग्राम त्यानंतर.

अंदाज कागदावर, मग पायथॉन ट्यूटर

पायथॉन ट्यूटर हे फिलिप गुओ यांनी बनवलेलं साधन आहे. नावात पायथॉन असलं तरी त्यात जावा, सी, सी++ आणि जावास्क्रिप्टही चालतं. लॉगिन लागत नाही. कोड पेस्ट केला की तो एकेक ओळ पुढे-मागे करून बघता येतो. नुकत्याच चाललेल्या ओळीपाशी फिकट हिरवा बाण, आता चालणार असलेल्या ओळीपाशी लाल बाण, आणि शेजारी व्हेरिएबल्सची चौकट व त्यांच्यातून वस्तूंकडे गेलेले बाण.

शिक्षक सहसा हे प्रोजेक्टरवर लावतात आणि ‘पुढे, पुढे’ करत जातात. मुलं माना डोलावतात. याचा फारसा उपयोग होत नाही. आधी कोड फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला वहीत उत्तर लिहायला सांगा. पेन खाली ठेवल्याशिवाय ब्राउझर उघडायचा नाही.

लिस्टचं उदाहरण घ्या. ‘अ’ नावाची लिस्ट, तिच्यात १, २, ३. दुसऱ्या ओळीत ‘ब बरोबर अ’. तिसऱ्या ओळीत ‘ब’मध्ये ४ जोडायचा. चौथ्या ओळीत ‘अ’ छापायची. वह्यांमधून फिरलात तर ‘१, २, ३’ हे उत्तर भरपूर दिसेल. आता हाच कोड पायथॉन ट्यूटरमध्ये चालवू द्या. दुसरी ओळ झाल्यावर पडद्यावर दोन नावं दिसतात, दोन बाण दिसतात, पण दोन्ही बाण एकाच डब्याकडे गेलेले असतात. इथे थांबा आणि शब्दही बोलू नका. पुढची ओळ चालली की तो डबा वाढतो आणि वर्गातून ‘अरे हो’ येतं. लगेच दुसरी ओळ ‘ब बरोबर लिस्ट कंसात अ’ अशी (म्हणजे ‘अ’ची नवी प्रत) बदला आणि पुन्हा वहीत अंदाज मागा. समजलं की नुसतं पाहिलं, हे या दुसऱ्या अंदाजावरून कळतं.

मर्यादाही सांगून ठेवतो. फार लांब चालणारा लूप हे साधन मध्येच थांबवतं, फाइल उघडणं वगैरे त्यात होत नाही. म्हणून कोड पाच-दहा ओळींचाच ठेवा. सी शिकवत असाल तर किमती स्कॅनएफने (कीबोर्डवरून) घेण्यापेक्षा थेट कोडमध्ये लिहा. सीमध्ये किंमत न दिलेलं व्हेरिएबल पडद्यावर प्रश्नचिन्ह म्हणून दिसतं. ‘गार्बेज व्हॅल्यू’ हा शब्द वर्षभर घोकून जे होत नाही ते त्या प्रश्नचिन्हाने होतं.

ओळी जुळवण्याचे प्रश्न

बरोबर प्रोग्रामच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि मुलांनी त्या योग्य क्रमाने लावायच्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन या न्यूझीलंडमधल्या ओटागो पॉलिटेक्निकच्या शिक्षिकांनी हा प्रकार २००६ मध्ये मांडला, म्हणून त्याला पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. दिसायला बालवाडीतला खेळ वाटतो आणि काही सहकारी तसं बोलूनही दाखवतील. अमेरिकेत बार्बरा एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याची तुलना चुका दुरुस्त करण्याच्या आणि कोड लिहिण्याच्या प्रश्नांशी केली. ओळी जुळवायला वेळ कमी लागला आणि शिकणं मात्र तितकंच झालं. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये वेळ वाचणं ही लहान गोष्ट नाही.

ओळी सात-आठच्या वर नेऊ नका. त्यात दोन फसव्या ओळी मिसळा, आणि त्या तुमच्या चुकांच्या यादीतूनच काढा: बरोबर रेंजच्या जोडीला एकाने कमी असलेला रेंज, रिटर्नच्या (फंक्शनने उत्तर परत देण्याच्या) जोडीला प्रिंट. यादृच्छिक फसव्या ओळी टाकल्या तर मुलं त्या वासावरून ओळखतात. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकवायची हेही मुलांनाच ठरवू द्या. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात तयार झालेल्या जेएस-पार्सन्स या मुक्त लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) तशी सोय आहे. इंटरनेट गेलं तर? प्रिंटआउट काढून कात्रीने पट्ट्या कापा. चालतं.

मोबाइलवर करायला याच्यासारखा प्रश्न नाही. मोबाइलवर कोड टाइप करणं हा छळ असतो. कीबोर्ड ‘प्रिंट’चं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, काही फोन सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करतात, आणि मग दिसायला बरोबर असलेला कोड चालत नाही. घरी ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना गृहपाठ म्हणून जुळवाजुळवच द्या.

छोटी फंक्शनं: कोडिंगबॅट

स्टॅनफर्डच्या निक पार्लांटे यांची ही साइट जुनी आहे, दिसायलाही जुनी आहे, आणि अजून तिच्यासारखी साधी साइट मला सापडलेली नाही. जावा आणि पायथॉन, दोन्ही भाषा आहेत. प्रश्न एका परिच्छेदाचा, खाली फंक्शनचं नाव लिहून दिलेलं. चालवलं की एक तक्ता येतो. त्यात अपेक्षित उत्तर, तुमचं उत्तर, आणि हिरवं की लाल.

प्रिंट आणि रिटर्नचा घोळ सोडवायला तर ती रामबाण आहे. मुलाने रिटर्नच्या जागी प्रिंट लिहिलं की ‘तुमचं उत्तर’ या रकान्यात ओळीने ‘नन’, ‘नन’, ‘नन’ (काहीच नाही) येतं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर आउटपुट ‘दिसलेलं’ असतं, त्यामुळे मूल गोंधळून हात वर करतं. तेव्हा उत्तर सांगू नका. ‘फंक्शनने तुझ्या हातात काय दिलं?’ एवढंच विचारा.

सुरुवात वॉर्मअप-१ ने करा, त्यात लूप नाहीत. मग लॉजिक-१. तिथला वेगमर्यादेचा प्रश्न आवर्जून द्या: वेग ६० पर्यंत असेल तर ०, ६१ ते ८० असेल तर १, त्यापुढे २, आणि वाढदिवस असेल तर ५ ची सूट. सीमेवरच्या आकड्यांची सवय इथून लागते. वॉर्मअपच्या प्रश्नांची उत्तरं साइटवरच बघता येतात, म्हणून त्यांना गुण ठेवू नका. मुलांनी खातं उघडून शिक्षकाचा ईमेल ‘टीचर शेअर’मध्ये टाकला की कुणी काय सोडवलं ते तुम्हाला दिसतं. खात्यात पूर्ण नाव, फोन वगैरे काही नको, रोल नंबर पुरे. पहिल्या वर्षाची काही मुलं अठराचीही झालेली नसतात.

हॅकररँकसारख्या स्पर्धेच्या साइटी मी पहिल्या सत्रात देत नाही. तिथे उत्तराआधी इनपुटच्या ओळी तोडून वाचाव्या लागतात. नवशिक्याची सगळी शक्ती त्यातच जाते, आणि गुणफलकावर वरची चार मुलं वरच राहतात.

स्वतःचा प्रश्न: एसटीचं तिकीट

तयार प्रश्न चार-पाच आठवडे पुरतात. त्यानंतर तुमच्या वर्गातल्या चुकांसाठी तुमचेच प्रश्न लागतात. एक प्रश्न नीट तयार करू.

विषय आहे अटींचा क्रम. एसटीच्या सवलती सगळ्यांना माहीत आहेत: पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं, महिलांना निम्मं भाडं, ६५ ते ७५ च्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत. फंक्शनला वय, ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’, आणि पूर्ण भाडं द्यायचं. त्याने द्यायचे पैसे परत करायचे.

पहिलं काम, प्रश्नातली संदिग्धता काढणं. ‘७५ वर्षांवरील’ म्हणजे पंचाहत्तरी पूर्ण झालेली व्यक्ती धरायची की शहात्तरपासून? बाराव्या वर्षी अर्धं की पूर्ण? खिडकीवर कंडक्टर ठरवेल, पण तपासणारं साधन वाद घालत नाही. प्रश्नात साफ लिहा: वय ५ पेक्षा कमी असेल तर ०, ५ किंवा जास्त पण १२ पेक्षा कमी असेल तर अर्धं, ६५ किंवा जास्त पण ७५ पेक्षा कमी असेल तर अर्धं, ७५ किंवा जास्त असेल तर ०, राहिलेल्यांत स्त्रीला अर्धं. एकाच व्यक्तीला दोन सवलती लागू होत असतील तर जास्त फायद्याची धरावी. पूर्ण भाडं नेहमी सम संख्येत दिलं जाईल, म्हणजे पन्नास पैशांचा प्रश्न उरत नाही. वाटलं तर ‘ही सोपी केलेली नियमावली आहे’ असंही लिहा, नाहीतर एखादं डेपोजवळ राहणारं पोरगं तुम्हाला खरे नियम ऐकवेल.

दुसरं काम, चाचण्या. सगळ्यांत सोप्या आधी: ३० वर्षांचा पुरुष, भाडं १०० असेल तर १००, ३० ची स्त्री असेल तर ५०. मग सीमा: ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४, ७५. आणि मग ज्याच्यासाठी प्रश्न काढला ती चाचणी: ८० वर्षांची स्त्री, भाडं १००. ज्याने ‘स्त्री असेल तर निम्मं’ ही अट सगळ्यांत वर लिहिली आहे त्याला तक्त्यात दिसेल, अपेक्षित ०, तुमचं ५०. आजीकडून पन्नास रुपये घेतलेले बघितल्यावर अटींचा क्रम समजावून सांगायला वेगळं व्याख्यान लागत नाही. चार वर्षांची मुलगीही याच चुकीत सापडते, तीही ठेवा.

एक फट राहते. सगळ्या चाचण्यांत भाडं १०० च असेल तर भाड्याला हातही न लावता ‘रिटर्न ५०’ लिहून पुष्कळ चाचण्या पार होतात. म्हणून ६०, २४०, ३८ अशी भाडी मिसळा.

किती चाचण्या दाखवायच्या? दोन-तीन उदाहरणं उघड, सीमेवरच्या अर्ध्या उघड, बाकी लपवलेल्या. सगळ्याच लपवल्या तर मुलं अंधारात तीर मारतात. सगळ्या उघड ठेवल्या तर तक्त्यातल्या किमती बघून एकेक इफ चिकटवत जातात. आजीची चाचणी मात्र उघडच ठेवा, तिच्यातच शिकवण आहे.

प्रश्न कुठे टाकायचा

दोन पर्याय सांगतो.

पहिला कोडचेक. सॅन होजे स्टेट विद्यापीठाचे के हॉर्स्टमन यांनी तो बनवला आहे. शिक्षकाने बरोबर उत्तराची फाइल लिहायची आणि त्यातच विशिष्ट कॉमेंटमधून सांगायचं: हा भाग मुलांना दाखवू नको, हे फंक्शन या किमती देऊन चालव. फाइल चढवली की एक लिंक मिळते, ती बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. कॉलेजच्या सर्व्हरची गरज नाही, सिस्टिम अॅडमिनची मनधरणी नाही. एक पथ्य पाळा. अपेक्षित उत्तरं तुमच्याच कोडवरून काढली जातात, त्यामुळे तुमचा कोड चुकला तर सगळ्या वर्गाचं बरोबर उत्तर लाल होतं. आधी हाताने दोन-चार किमती पडताळा.

दुसरा कोडरनर. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या रिचर्ड लॉब यांनी उभं केलेलं हे मूडलचं (कॉलेजांत वापरल्या जाणाऱ्या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीचं) प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, आहे. कॉलेजात मूडल असेल तर हाच घ्या, कारण हजेरीपत्रकातली मुलं, गुण आणि प्रत्येक प्रयत्न एका जागी राहतात. कोड चालवायला जोब नावाचा वेगळा सर्व्हर लागतो. प्लगिन घेतल्यावर सुरुवातीला ते कँटरबरीचाच सर्व्हर वापरतं, पण तो चाचपणीपुरता आहे. वीस मुलं वारंवार बटण दाबायला लागली की मर्यादा लवकर संपते. लॅबमधल्या एखाद्या चांगल्या पीसीवर लिनक्स टाकून जोब बसवा. मूडलच्याच मशीनवर बसवू नका, मुलांचा कोड तिथे चालणार आहे.

इथे एक अडथळा हमखास येतो. जोब चालू असतो, ब्राउझरमधून दिसतो, आणि मूडल म्हणतं सर्व्हर सापडत नाही. मूडल स्थानिक नेटवर्कचे पत्ते मुळातच अडवतं. साइट अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये सिक्युरिटीखाली एचटीटीपी सिक्युरिटी हे पान आहे, तिथल्या अडवलेल्या होस्टच्या यादीतून तुमच्या लॅबच्या पत्त्यांचा पट्टा काढावा लागतो आणि जोबचा पोर्ट परवानगीच्या यादीत टाकावा लागतो. डॉकरमधून (तयार पॅकेज म्हणून) बसवलेल्या जोबला तो पोर्ट सहसा ४००० असतो.

प्रश्न भरताना ‘उत्तर’ या चौकटीत आपला कोड टाका आणि ‘जतन करताना तपास’ ही खूण काढू नका. चाचणी आणि उत्तर जुळत नसेल तर प्रश्न जतनच होत नाही. पेनल्टीच्या रकान्यात पहिले तीन प्रयत्न ०, मग १०, २० (टक्के) असं लिहा. पूर्ण शून्य ठेवली तर मुलं ‘पेक्षा कमी’चं ‘पेक्षा कमी किंवा समान’ करत हिरवं होईपर्यंत बटण दाबत राहतात. पहिल्या चुकीपासून कापायला लागलात तर बटण दाबायलाच घाबरतात.

प्रत्यक्ष दोन तास

पहिली पंधरा-वीस मिनिटं कागदावरचा अंदाज आणि पायथॉन ट्यूटर. मग ओळी जुळवणं, जोडीने. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याने बोलायचं. पुढचा सलग तास छोट्या फंक्शनांचा. या तासात तुम्ही खुर्चीवर बसून प्रयत्नांचा तक्ता बघा. एकाच चाचणीवर सहा-सात जण अडलेले दिसले की सगळ्यांना थांबवा आणि त्यातला एक चुकीचा कोड, नाव न सांगता, फळ्यावर घ्या. हे पाच मिनिटांचं काम त्या दिवसाचा गाभा असतो. उरलेल्या वेळात विद्यापीठाच्या यादीतला प्रोग्राम. मधल्या पायऱ्या झालेल्या असल्या की तो लवकर उरकतो, जर्नलही भरतं.

वाय-फाय पडण्याची तयारी ठेवा. पट्ट्या कापलेल्या असू द्या, आणि कॉम्प्युटरवर पायथॉनचं आयडल (इंटरनेटविना कोड लिहून चालवायची खिडकी) असतंच.

गुण आणि कॉपी

यातला कुठलाही प्रश्न चॅटजीपीटी क्षणात सोडवतं, हे मुलांना तुमच्याआधी माहीत असतं. म्हणून घरी केलेल्या सरावाला टर्मवर्कमध्ये नाममात्र गुण ठेवा, चोरून मिळवावेत इतके नकोत. खरी परीक्षा लॅबमध्ये. मूडलच्या प्रश्नमंजूषेला सेफ एक्झाम ब्राउझर (परीक्षेवेळी इतर साइटी बंद ठेवणारा) जोडता येतो, तो वापरा. त्याहून सोपा आणि जास्त बोलका उपाय व्हायवात आहे: मुलाने सादर केलेलाच कोड उघडा आणि एक अट बदलून विचारा. ‘महिलांची सवलत फक्त साध्या गाडीत आहे असं धर, काय बदलशील?’ ज्याने स्वतः लिहिलंय तो लगेच बोट ठेवतो. हे विचारणार आहात हे पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगून टाका.

सत्र संपल्यावर

प्रत्येक प्रश्नाचे प्रयत्न एकदा चाळा. सगळ्यांनी पहिल्या झटक्यात सोडवलेला प्रश्न सरावातून काढून व्याख्यानात उदाहरण म्हणून वापरा. ज्यावर हुशार मुलंही अडली तो प्रश्न कठीण आहे असं लगेच समजू नका, आधी त्याची भाषा वाचा. बरेचदा वाक्यच दोन अर्थांचं असतं. प्रश्न मराठीतून लिहून बघा. फंक्शनचं नाव आणि किमती इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. काही मुलांची अडचण प्रोग्रामिंगची नसून परिच्छेदाच्या इंग्रजीची होती हे तेव्हा उघड होतं. शेवटी मूडलची प्रश्नपेढी एक्सएमएलमध्ये एक्सपोर्ट करून विभागाच्या ड्राइव्हवर आणि स्वतःकडे, अशी दोन ठिकाणी ठेवा. जूनमध्ये लॅबचे सर्व्हर फॉरमॅट होतात, आणि त्याआधी कुणी विचारत नाही.